पूर्ण तिकीट

परवा, २२ ऑगस्टला, आमची मुलगी पाच वर्षांची झाली आणि कात्रजचा बोगदा यायच्या आत तिचं अर्धं तिकीट फाटलं.

एसटीत पाच वर्षांखाली फुकट, पाच ते बारा अर्धं, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून स्वारगेटलाच तिच्याकडून घोकून घेतलं होतं, "कंडक्टरकाकांनी विचारलं तर चार म्हणायचं." लबाडी आहे, मान्य. पण आदल्या रात्री झोपताना ती चारचीच होती. एका रात्रीत काय माणसाचं बूड रुंदावतं?

कंडक्टरने विचारलंच नाही हो! तो मान खाली घालून मशीनची बटणं दाबत होता. माझं पूर्ण. बायकोचं अर्धं, कारण १७ मार्च २०२३ पासून समस्त महिलावर्गाला अर्धं. पैसे त्याच्या हातात गेले, तो पुढे सरकला, आणि पलीकडच्या बाकावरून आवाज आला.

"काय गं ठमे, नवा फ्रॉक? वाढदिवस का? कितवा?"

पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या कव्हरातलं आधार कार्ड. पंच्याहत्तरी ओलांडलेले, म्हणजे प्रवास फुकट. फुकट माणसाला दुसऱ्याच्या तिकिटाची काय धास्ती!

आमच्या रत्नाने पाची बोटं ताणून हात वर केला. "पाच!" बाबाने चार म्हणायला सांगितलंय, हेही वर सांगून टाकलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अरे वा, म्हणजे सहावं लागलं!" आजोबा म्हणाले.

कंडक्टर वळला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला होता. "साहेब, अर्धं घ्यावं लागेल."

इथे आजोबांनी गप्प बसायला हवं होतं. पण आपल्यामुळे एक घर बुडालं हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी माझं वकीलपत्र घेतलं. न मागता.

"थांबा मास्तर. जन्म तिथीने कधीचा?"

"गणेश चतुर्थीचा," बायको म्हणाली. तिलाही तेव्हाच बोलायचं होतं.

"झालं तर! २०२० ला चतुर्थी बावीसलाच होती. यंदा सत्तावीसला. आज तर अमावास्या लागतेय. अजून पाच दिवस पोर चारचीच."

"आजोबा, मशीनला तिथी कळत नाही."

"मशीनला नसेल कळत. तुम्हाला कळते ना? घरी गणपती तारखेने बसवता का?"

कंडक्टर खरंच क्षणभर विचारात पडला. मला आशा वाटली, आणि त्या आशेची आता लाज वाटते. एवढं करून सगळा मामला शंभराच्या आतल्या नोटांचा.

आजोबांनी दुसरा मुद्दा काढला. "बरं, पाच धरा. लहान म्हणून अर्धं. आता ही बाईमाणूस आहे की नाही? मग त्या अर्ध्याचं अर्धं. पाव तिकीट फाडा."

"पाव नसतं आजोबा. बारापर्यंत मुलगा असो, मुलगी असो, अर्धंच."

"मग शासनानं हिला काय दिलं?"

प्रश्न बिनतोड होता. पण कंडक्टरने 'टर्रर' करून तिकीट काढलं आणि थेट मुलीच्या हातात दिलं. तिथे माझा खरा घात झाला.

"बाबा, हे माझं तिकीट?"

"हो."

"मग माझी सीट कुठली?"

तोवर ती माझ्या मांडीवर होती. पाच वर्षं तिथेच होती. तिच्या जन्माच्या दोनच दिवस आधी लॉकडाऊनमधली जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली, आणि माझी आई मास्क लावून, घरचा गणपती शेजाऱ्यांवर सोपवून, त्याच एसटीने पुण्याला आली होती. परतीला दुपट्यातलं हे गाठोडं माझ्याच मांडीवर होतं. तेव्हा कुणी वय विचारलं नाही. मोठं व्हायची घाई या पोरांना कोण लावतं कळत नाही. केक मोठा, आकडा मोठा, टाळ्या मोठ्या, आणि मग आपणच म्हणायचं, किती पटकन वाढली हो.

"तिकीट आहे तर सीट तिची," आजोबांनी निकाल दिला. हे म्हणे माझे वकील!

बाक दोघांचा. मी उठलो. खंबाटकीची वळणं वरच्या दांडीला लोंबकळत काढली. बाकावर अर्धं तिकीट, शेजारी अर्धं तिकीट, पलीकडे पाय पसरून फुकट तिकीट, आणि पूर्ण भाडं भरलेला गाडीभर एकटा मी उभा, निदान मला तरी तसंच वाटत होतं. "पडशील, नीट धर," बायको म्हणाली. आजोबांनी मुलीला पिशवीतली राजगिऱ्याची वडी दिली. मला विचारलं नाही.

साताऱ्याला घरी पोचलो. दारातच आईला म्हटलं, औक्षणाचं ताट कर.

"आज? अमावास्येला? काहीतरीच! चतुर्थीला करू. तोवर ती चारचीच."

मुलीने मुठीतलं चुरगळलेलं तिकीट तिच्या नाकासमोर धरलं. "आजी, बघ. मी पाच."

आईने चष्मा लावला, तिकीट उलटसुलट करून वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अर्धं काढलंस? अरे, चारची म्हणून सांगता आलं नाही का तुला?"