मोठं वर्तुळ म्हणजे जोरदार औषध नव्हे

कल्चर रिपोर्ट, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणतं अँटिबायोटिक चालतं हे सांगणारा प्रयोगशाळेचा अहवाल, ‘स्वतःच वाचा’ असं सांगणारा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तपासणीच्या प्लेटवर ज्या अँटिबायोटिकभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ सर्वात मोठं किंवा ज्याचा एमआयसी आकडा (वाढ रोखायला लागणारं कमीत कमी प्रमाण) सर्वात लहान, ते सर्वात जोरदार. ‘एस’ (सेन्सिटिव्ह, जिवाणू औषधाला दाद देतो) लिहिलेलं कुठलंही औषध चालतं. ‘आर’ (रेझिस्टंट, प्रतिरोधक) म्हणजे तुमच्या शरीराला त्या औषधाची सवय झाली. आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा गोळी आधी सुरू करा, नमुना मागाहून द्या. हे वाचून कुणी डॉक्टरांनी दिलेलं औषध परस्पर बदललं तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सर्वात मोठं वर्तुळ, सर्वात जोरदार औषध.’ साफ चूक. म्युलर-हिंटन अगारच्या (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर जिवाणू एकसारखे पसरतात, वर औषध भरलेल्या 6 मिमीच्या कागदी डिस्क ठेवतात आणि प्लेट 35 अंशांच्या आसपास 16 ते 18 तास ठेवतात. औषध डिस्कमधून अगारमध्ये झिरपतं आणि जिथे जिवाणू वाढले नाहीत तिथे स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते किती मोठं पडेल हे औषधाच्या ताकदीइतकंच डिस्कमध्ये औषध किती आहे आणि त्याचा रेणू अगारमधून किती सहज सरकतो यावरही ठरतं. कोलिस्टिन तर इतकं कमी झिरपतं की त्याचा निकाल वर्तुळ मोजून देतच नाहीत. अगार 4 मिमीपेक्षा पातळ ओतलं तर वर्तुळ फुगतं, जिवाणूंचं मिश्रण दाट झालं तर आक्रसतं. म्हणूनच मिश्रणाचा गढूळपणा मॅकफार्लंड 0.5 या प्रमाणित गढूळपणाशी जुळवून घेतात आणि ज्याची वर्तुळं किती यायला हवीत हे आधीच ठाऊक आहे, असा ई. कोलाय या जिवाणूचा ठरावीक वाण लावून पद्धत तपासतात.

मोजलेला आकडा मग त्या जिवाणूसाठी आणि त्याच औषधासाठी ठरवलेल्या मर्यादेशी ताडतात. सीएलएसआय या अशा मर्यादा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यानुसार ई. कोलायसमोर अँपिसिलिनचं वर्तुळ 17 मिमी भरलं की ‘एस’. सिप्रोफ्लॉक्सासिनचं 20 मिमी भरलं तरी ‘आर’, कारण तिथे ‘एस’साठी 26 लागतात. लहान वर्तुळवालं औषध पास, मोठं नापास!

याहून बोलकं उदाहरण स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं. क्लिंडामायसिनचं वर्तुळ कधी कधी चांगलं ऐसपैस दिसतं, पण शेजारी एरिथ्रोमायसिनची डिस्क ठेवली की त्या बाजूने ते सपाट होतं, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं. एरिथ्रोमायसिनमुळे जिवाणूची दडलेली प्रतिकारक्षमता जागी झालेली असते. वर्तुळ कितीही मोठं असो, रिपोर्टमध्ये क्लिंडामायसिनपुढे ‘आर’च जातो. नुसती पट्टी लावणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

एमआयसीचंही तेच. जिवाणूंची दिसण्याजोगी वाढ रोखणारं औषधाचं सर्वात कमी प्रमाण म्हणजे एमआयसी. ई. कोलायसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा आकडा 1 आला तर ‘आर’, नायट्रोफ्युरँटॉइनचा 16 आला तरी ‘एस’, कारण नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर साचतं. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नसतातच.

‘एस असलेलं कुठलंही घ्या.’ हेच नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात पुरेसं पोहोचत नाही, त्यामुळे मूत्राशयाच्या संसर्गात चालणारं हे औषध रक्तातल्या संसर्गाला निरुपयोगी. डॅप्टोमायसिन फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंटमुळे (वायुकोशांच्या आतल्या पातळ स्रावामुळे) निष्प्रभ होतं, म्हणून न्यूमोनियासाठी वापरत नाहीत. साल्मोनेला या जिवाणूवर जेंटामायसिन प्लेटवर उत्तम चालताना दिसतं, रुग्णात चालत नाही, कारण हा जिवाणू पेशींच्या आत लपतो. शिवाय ‘एस’ ही हमी नव्हे. ढोबळ अनुभव असा की ‘एस’ असताना सुमारे 90 टक्के रुग्णांना गुण येतो, ‘आर’ असूनही सुमारे 60 टक्क्यांना येतो; बाकीचं काम रोगप्रतिकारशक्ती, पू काढून टाकणं, डोस यांवर असतं.

रिपोर्टमधल्या ‘आय’ या तिसऱ्या शेऱ्याला हा संदेश ‘अर्धं निकामी’ म्हणतो. युरोपातल्या युकास्ट या संस्थेने 2019 पासून त्याचा अर्थच ‘औषध जिवाणूपर्यंत जास्त प्रमाणात पोहोचल्यास, उदाहरणार्थ मात्रा वाढवल्यास, उपयोगी’ असा ठरवला आहे.

‘आर म्हणजे शरीराला सवय.’ प्रतिकार जिवाणूत असतो, माणसात नाही. आयुष्यात ते औषध कधीच न घेतलेल्यालाही दुसऱ्याकडून आलेला प्रतिरोधक जिवाणू गाठू शकतो.

राहिला गोळी आधी घेण्याचा सल्ला, आणि मला सर्वात जास्त धास्ती याचीच वाटते. एक-दोन डोस पोटात गेले की नमुन्यात जिवाणू वाढतच नाहीत, असं होऊ शकतं. मग रिपोर्ट ‘वाढ नाही’ म्हणतो, आजार मात्र तिथेच असतो. गंभीर रुग्णाला औषध लगेच सुरू करावंच लागतं. तिथेही शक्य असेल तर रक्ताचा नमुना आधी घेतात, मग पहिलं इंजेक्शन, आणि निकाल आल्यावर डॉक्टर औषध बदलतात. गोळी घेऊन झालीच असेल तर औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची वेळ नमुन्यासोबतच्या फॉर्मवर जरूर लिहून द्या.