‘सोळा गोल खाल्लेला संघ’: फिरत्या मजकुरात खरं किती?

भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाचं नाव निघालं की एक मजकूर हमखास फिरू लागतो: “२०२२च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर या संघाने तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही मारला नाही. प्रवेशही यजमान म्हणून आयता मिळालेला. स्वतःच्या बळावर हा संघ कुठेच पोहोचणार नाही. आपल्या मुलींची अंगकाठीच या खेळाची नाही; आणि समोरच्या तर वय चोरून खेळतात.”

आकडे बरोबर आहेत. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. तिन्ही सामने भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर. आयता प्रवेशही खरा. गडबड पुढे सुरू होते.

“हा संघ” कोणता? २०२२ला १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र होत्या. २०२६च्या आशियाई स्पर्धेसाठी ती रेषा १ जानेवारी २००९वर आली. म्हणजे तेव्हाची एकही मुलगी आता या गटात बसणं अवघड. वयोगटाचा संघ दर दोन वर्षांनी जवळपास कोरा होतो. वरिष्ठ संघासारखी त्याची कुंडली मांडता येत नाही. हीच रेषा २०२२च्या संघालाही भोवली होती. विश्वचषक मुळात २०२०ला व्हायचा होता, प्रशिक्षक थॉमस डेनरबी २०१९च्या अखेरीस त्यासाठीच आले होते. कोविडमुळे स्पर्धा आधी पुढे गेली, मग रद्द झाली, आणि २००३-०४च्या ज्या मुली तयार होत होत्या त्या वयाने बाहेर पडल्या. प्रत्यक्ष खेळलेली तुकडी २०२२मध्ये नव्याने बांधलेली होती. त्यात ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं आणि स्पर्धा हातची जाते की काय, अशी वेळ आली. निलंबन उठलं २६ ऑगस्टला. पहिला सामना होता ११ ऑक्टोबरला.

“स्वतःच्या बळावर कुठेच नाही.” ऑक्टोबर २०२५, बिश्केक. आशियाई पात्रता फेरीत आठ गट, प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे. भारताने किरगिझस्तानला २-१ आणि उझबेकिस्तानलाही २-१ हरवलं. दुसऱ्या सामन्यात पहिला गोल उझबेकिस्तानचा होता. बदली म्हणून आलेल्या मुलीने ५५व्या मिनिटाला बरोबरी केली आणि ६६व्या मिनिटाच्या विजयी गोलसाठी पासही तिनेच दिला. २००५नंतर प्रथमच भारत या स्पर्धेच्या मुख्य फेरीत गेला. इथे यजमानपदाचा काहीही संबंध नाही, मुख्य फेरीचा यजमान चीन होता.

“अंगकाठी.” हा मुद्दा सर्वांत जास्त पटतो आणि सर्वांत कमी टिकतो. २०१४चा हाच विश्वचषक जपानने जिंकला, आणि उंचीच्या जोरावर नक्कीच नाही. मोरोक्कोविरुद्धचा आपला सामना घ्या: मध्यंतराला ०-०. ५०व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल झाला, मग आणखी दोन. अंगकाठी मध्यंतरात बदलत नाही. मग असे सामने दुसऱ्या अर्धात का निसटतात? बचावफळी दमली की ती चार-पाच पावलं मागे सरकते. मधली फळी मात्र चेंडूमागे पुढेच राहते. दोघींमध्ये पंधरा-वीस मीटरची मोकळी पट्टी पडते आणि परतून आलेला प्रत्येक सुटा चेंडू तिथे प्रतिस्पर्ध्याला मिळतो. चेंडू घेताना अंग आपल्याच गोलकडे वळलेलं असेल तर पहिला स्पर्शही मागेच जातो, गोलरक्षकाला लांब किक मारावी लागते, आणि तोच चेंडू तीस सेकंदांत परत येतो. हे वजन वाढवून सुधारत नाही. अंग अर्धं समोरच्या गोलकडे वळवून चेंडू घेणं, तो येण्याआधी खांद्यावरून मागे पाहणं, फळ्यांमधलं अंतर दहा-बारा मीटरवर राखणं, हे सरावात बसवता येतं. पण सत्तराव्या मिनिटाला टिकवायचं तर तितक्याच वेगाचे सामने हवेत. शिबिरात आपापसांत खेळून तो वेग येत नाही. टीका करायचीच तर सामन्यांच्या संख्येवर करा, ती रास्त ठरेल.

“वय चोरतात.” इथे बहुतेक जण मुलांच्या स्पर्धेतली मनगटाची एमआरआय चाचणी आठवून बोलतात. मुलांमध्ये मनगटाजवळच्या हाडाची वाढपट्टी (हाड जिथून वाढतं आणि वाढ संपली की जी हाडात जुळून जाते ती पट्टी) सतराच्या आत पूर्ण जुळलेली क्वचितच दिसते, म्हणून ती चाचणी कामाची. मुलींमध्ये ती बरीच आधी जुळते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचं मनगट पूर्ण जुळलेलं निघालं, तरी त्यावरून वय जास्त आहे असं म्हणता येत नाही. तीच फूटपट्टी लावली तर खऱ्या वयाच्या मुलीच बाद होतील, आपल्याही. त्यामुळे मुलींच्या गटात भिस्त जन्मनोंद आणि पारपत्रावरच असते. या व्यवस्थेत फट नाही असं कुणी म्हणणार नाही. पण अमुक संघाने वय चोरलं असं लिहायचं, तर त्या खेळाडूच्या कागदातली विसंगती दाखवावी लागते. मजकुरात ती कुठेच नाही; आहे तो फक्त गोलफलक.