मथळे म्हणजे मांडणी नव्हे

दुपारपासून एम.ए. इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे निबंध तपासत होतो. आता गठ्ठा बाजूला सारून हे लिहीत आहे, कारण आणखी एक ‘प्रस्तावना’ वाचली तर माझ्या हातून कोणावर तरी अन्याय होईल.

विषय होता १८७५ चे दख्खनचे दंगे, म्हणजे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांचा सावकारांविरुद्धचा उठाव. जवळजवळ प्रत्येकाने प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, समारोप असे मथळे ठळक अक्षरांत दिले आहेत आणि त्यांखाली तीच माहिती भरली आहे: अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर ते कोसळले, सरकारने सारा वाढवला, सावकारांनी हात आखडता घेतला, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्यात उद्रेक झाला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा आला. सगळे बरोबर आहे. पण लेखकाचे म्हणणे काय, हे शेवटचे पान उलटले तरी कळत नाही.

गेल्या वर्षी याच विषयावर एका विद्यार्थिनीने असाच कच्चा मसुदा आणला होता. मी तिला एक कोरा कागद दिला आणि प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते एकेका ओळीत लिहायला सांगितले. कशाविषयी आहे ते नव्हे, काय सांगतो ते. ‘सुप्याची घटना’ ही ओळ चालणार नव्हती, ‘सुप्याच्या जमावाने कर्जरोखे मागितले’ ही चालणार होती. ती ग्रंथालयात जाऊन बसली आणि परत आली ती चिडूनच: “सर, माझ्या निम्म्या परिच्छेदांना काही म्हणायचेच नाही!”

उरलेल्या ओळींतून मात्र तिला तिचे म्हणणे सापडले. जमावाने माणसांवर हात क्वचितच टाकला, कर्जरोखे मात्र शोधून शोधून जाळले. म्हणजे रोष सावकारापेक्षा त्याच्या कागदावर अधिक होता. एवढे ठरल्यावर मांडणीसाठी वेगळे डोके लढवावे लागले नाही. कापूस दोन ओळींत आटोपला. मागे कुठेतरी पडलेला १८५९ चा मुदतीचा कायदा पुढे आला, कारण त्या कायद्याने रोख्याला दिलेली तीन वर्षांची मुदत संपण्याआधी सावकार नवा रोखा लिहून घेत आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवत. सुप्यात दुकाने आणि धान्यही लुटले गेले, हे तिच्या म्हणण्याला अडचणीचे होते आणि तिने ते तळटीपेत दडवले होते. मी ते वर आणून त्याला पूर्ण परिच्छेद द्यायला लावला. अडचणीच्या पुराव्याशी तिला भिडावे लागले आणि खरे तर तिथेच त्या निबंधाला वजन आले.

नवख्याला आरंभी साचा लागतो, हे मान्य. भरमसाट निबंध तपासणाऱ्या शिक्षकाला तो सोयीचा पडतो, हेही मान्य.

पण राग या मुलांवर काढून उपयोग नाही, हे लिहिता लिहिता जाणवते आहे. शाळेपासून त्यांना ‘मुद्दे’ पुरवून निबंध लिहून घेतला गेला. तुझे म्हणणे काय, असे त्यांना विचारले कोणी? गुणांच्या तक्त्यात ‘उद्दिष्टे’ आणि ‘गृहीतके’ यांना वेगवेगळे गुण आपणच ठेवले आहेत. त्या मुलीच्या निबंधाचे काय झाले, तेही सांगतो. दुसऱ्या परीक्षकांनी गुण कापले, कारण ‘उद्दिष्टे’ हा मथळा नव्हता! पहिल्याच परिच्छेदात तिने आपला प्रश्न आणि त्याचे उत्तर स्वच्छ लिहिले होते, पण ते ठळक अक्षरांत नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला परिच्छेद वाचून त्याचा उद्देश कळू नये, याला काय म्हणावे?

माझ्या वर्गातील जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी उद्या निबंध परत न्यायला येताना एक कोरा कागद बरोबर आणावा. मथळ्यांचे गुण मी तक्त्याप्रमाणे देईनच. बाकीचे गुण त्या कागदावरच्या ओळी वाचल्यानंतर.