अजून दोनच हजार टाक ना!

४५ हजारात पहिला गेमिंग पीसी बांधायचा म्हटलं की जो तो म्हणतो, "अजून दोनच हजार टाक ना". अरे दोन दोन करत ६० झाले! रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतो म्हटलं तर मित्र म्हणतो त्याचं एएम४ सॉकेट आता जुनं झालं, एएम५ घे, म्हणजे मदरबोर्ड नवा, आणि त्यावर डीडीआर४ चालतच नाही म्हणून रॅमपण डीडीआर५, झालं, ग्राफिक्स कार्डाचे पैसे तिथेच गेले. मग गेम काय तुझ्या सल्ल्यावर चालवू? (५६०० ला आतलं ग्राफिक्सही नाही, कार्ड नसेल तर बसा काळ्या स्क्रीनकडे बघत.)

काल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कम्प्युटर बाजारात गेलो. एक दुकानदार म्हणे कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, फुकट. उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका! ८० प्लस (वीज कमी वाया जाते याचं सर्टिफिकेट) आहे का विचारलं तर, "भाऊ, लाइट बघा ना, सात रंग आहेत." डोंबलाचे सात रंग. आणि सगळा भाव सांगून झाल्यावर हळूच, "प्लस जीएसटी हां".

घरी आई रोज विचारते, आला का रे तुझा कम्प्युटर. महिना झाला, नुसती एक्सेल शीट भरतोय मी, तीपण बाबांच्या लॅपटॉपवर.