दोन्ही टोकांना पिन असलेली ती वायर आधी तोडा

‘थ्री फेज घराला सोलर आणि जनरेटर जोडण्याचे पाच सोपे उपाय, वायरमनची गरज नाही’ असा एक मेसेज सध्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्याकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. शेवटी नेहमीप्रमाणे ‘सर्व शेतकरी बांधवांपर्यंत पोहोचवा’. पोहोचला तो. माझ्या मावसभावाने तो वाचून दुकानातून दोन पिन आणि वायर आणून ठेवली. त्याला फोनवर जे बोललो ते इथे सगळ्यांसाठी लिहितो, कारण अशी वायर आणखी किती घरांत तयार झाली असेल कोण जाणे.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात माणूस मरेल. मेसेज म्हणतो: चेंज-ओव्हरवर (घर एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणाऱ्या स्विचवर) पैसे घालवू नका. वायरच्या दोन्ही टोकांना पिन लावा, एक जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या सॉकेटमध्ये खोचा आणि मेन स्विच खाली, म्हणजे बंद करा.

पहिली गोष्ट, जनरेटर चालू असताना यातली एक पिन निसटली तर तिच्या उघड्या पितळेवर २३० व्होल्ट असतात. ती उचलायला घरातले पोरगेच आधी धावते. दुसरी गोष्ट, मेन खाली करायचे लक्षात राहीलच याची हमी कोण देणार? लाईट रात्री जाते, अंधारात घाई असते, कोणीतरी मेन पुन्हा वर करतो. मग तुमच्या जनरेटरची वीज सर्व्हिस वायरने खांबावर आणि खांबावरून डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर जाते. डीपी ११ हजार व्होल्टचे ४३३ करते, तशीच उलट्या बाजूने वीज आली तर तिचे पुन्हा दहा-अकरा हजार करते. मे-जूनच्या वादळात आपल्याकडे केळीबरोबर खांबही आडवे होतात. तेव्हा लाईन बंद आहे म्हणून जो वायरमन वर चढलेला असतो, तो बहुतेक आपल्याच पंचक्रोशीतला असतो.

‘छोटा जनरेटर गावाचा लोड ओढू शकत नाही, आपोआप बंद पडतो’ असेही त्यात ठोकून दिले आहे. संपूर्ण लाईन जोडलेली असेल तर पडेलही. पण तार तुटली असेल किंवा वायरमनने डीओ (खांबावरचा फ्यूज) काढला असेल, तर पुढच्या तुकड्यावर दोन-चार घरांचाच लोड उरतो आणि जनरेटर आरामात चालत राहतो. म्हणजे वायरमन काम करत असतो नेमके तेव्हाच. आणि मेन वर असताना महावितरणची लाईट परत आली तर ती चालत्या जनरेटरवर आदळते. अल्टरनेटर, म्हणजे जनरेटरचा वीज तयार करणारा भाग, जळतो.

पहिला मुद्दा: ‘सोलर असूनही लाईट गेल्यावर घर बंद पडते, कारण कंपनीवाले इन्व्हर्टर मुद्दाम बंद करून ठेवतात.’ बंद होतो हे खरे. मुद्दाम होतो हेही खरे, पण कारण वरचेच: लाईनवर चढलेल्या वायरमनचा जीव. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे वितरित वीजनिर्मितीच्या जोडणीचे विनियम सांगतात की ग्रिड (वीज कंपनीची लाईन) गेल्यावर अशा यंत्रणेने दोन सेकंदांच्या आत लाईनला वीज देणे थांबवले पाहिजे आणि पुरवठा सुरळीत होऊन किमान ६० सेकंद झाल्याशिवाय पुन्हा जोडून घेऊ नये. शिवाय कुलूप लावता येईल असा, वीज तुटल्याचे डोळ्यांना दिसेल असा हाताने चालवायचा स्विचही हवा. एवढी काळजी छतावरच्या पॅनलसाठी घेतली आहे. मेसेजवाला मात्र जनरेटर सॉकेटमध्ये खोचायला सांगतो! लाईट गेल्यावरही सोलर हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. त्याच्या बॅकअपच्या टर्मिनलवर वेगळे सर्किट निघते आणि ते लाईनपासून तुटलेले असते.

तिसरा: ‘जनरेटर चालू केला की साधा सोलर इन्व्हर्टर जागा होतो, डिझेल वाचते.’ अर्धे खरे आहे, मान्य करतो. जनरेटरचे व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी बरोबर असली तर इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून वीज देऊ लागतो. पण दुपारी पॅनल ५ किलोवॉट देत असताना घरात २ किलोवॉटच लागत असेल तर उरलेली वीज जनरेटरच्या अंगावर जाते. इंजिन ती गिळू शकत नाही. वेग वाढतो, व्होल्टेज चढते आणि घरातली उपकरणे जातात. मोठ्या जिनिंगमध्ये सोलर आवरणारा कंट्रोलर बसवून हे नीट करता येते. घरी वायर जोडून नाही.

चौथा, ‘तिन्ही फेज लूप करून (म्हणजे एकत्र जोडून) सिंगल फेज जनरेटरवर मोटरसुद्धा चालवा’. दिवे-पंखे लागतील, थ्री फेज मोटर लागणार नाही. तिन्ही फेजमध्ये एकच लहर आली तर मोटरला फिरवणारे चुंबकीय क्षेत्र तयारच होत नाही, मोटर जागीच तापून जळते. रिवाइंडिंगचा खर्च ज्यांनी दिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. आणि थ्री फेजमध्ये लोड सारखा असेल तर न्यूट्रलमधला (परतीच्या तारेतला) करंट एकमेकांना काटतो, लूप केल्यावर मात्र तिन्हीकडचा करंट त्या एका तारेत जमा होतो. जनरेटर मोठा असेल तर ती तार तापते.

पाचवा, ‘सोलरसाठी थ्री फेज घ्यावाच लागतो’. खोटे. महाराष्ट्रात ८ किलोवॉट किंवा ४० अँपिअरपर्यंत सिंगल फेजवर चालते. उगाच थ्री फेज घेतला तर स्थिर आकार मात्र जास्त बसेल.

जनरेटर लावायचाच असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडून चार पोलचा चेंज-ओव्हर बसवून घ्या, म्हणजे तिन्ही फेजबरोबर न्यूट्रलही लाईनवरून सुटते आणि मेन लक्षात ठेवायचा प्रश्नच राहत नाही. जनरेटर थ्री फेज असेल तर बसवल्यावर फेजचा क्रम तपासायला सांगा. तो उलटा झाला तर मोटर उलटी फिरेल आणि पाणी का येत नाही म्हणून तुम्ही बोअर खोल करायला निघाल.