कंट्री ‘शुद्ध’ होतं? मग सिल्वेस्टर वीव्हरचं काय करायचं?

अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या ग्रामीण गोऱ्यांचं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंट्री संगीताच्या जुन्या तबकड्यांबद्दल एक मजकूर सगळीकडे फॉरवर्ड होतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: १९२०-३०च्या दशकांतलं कंट्री म्हणजे अपालाचियन डोंगरांतल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं शुद्ध लोकसंगीत. कंपन्यांनी ते जसंच्या तसं ध्वनिमुद्रित केलं. कृष्णवर्णीयांचा त्यात वाटा नव्हता. विजेची गिटार आणि ड्रम नंतर नॅशव्हिलच्या, म्हणजे टेनेसीतल्या कंट्रीचं केंद्र बनलेल्या शहराच्या, बाजाराने घुसवले. आणि वेस्टर्न स्विंग, म्हणजे टेक्सासकडचं जॅझच्या वळणाचं नाचाचं कंट्री, बॉब विल्स या फिडल (व्हायोलिन) वादकाने एकट्याने शोधून काढलं.

यातलं एकही विधान टिकत नाही. आणि तिसऱ्या विधानात तर माणसांवर अन्याय आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

डोंगरातल्या शेतकऱ्यांपासून सुरुवात करू. दक्षिणेतल्या या संगीताला गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांना पटलं ते फिडलिन जॉन कार्सनच्या तबकडीमुळे. ओके कंपनीने जून १९२३ मध्ये अटलांटात ती ध्वनिमुद्रित केली. कार्सन त्याच शहरात कापड गिरणीत राबलेला माणूस. तबकडीच्या एका बाजूला लाकडी झोपडीच्या आठवणीचं जे गाणं आहे ते विल हेज या व्यावसायिक गीतकाराने १८७१ मध्ये लिहिलेलं, रंगमंचावर गाजलेलं गाणं होतं. पुढच्याच वर्षी व्हिक्टर कंपनीने व्हर्नन डालहार्टची तबकडी काढली. एका बाजूला रेल्वे अपघाताचं गाणं, दुसऱ्या बाजूला कैद्याचं. तिचा खप दहा लाखांच्या वर गेला. हा डालहार्ट टेक्सासचा, पण न्यूयॉर्कमध्ये ऑपेरेटा (हलकीफुलकी संगीतनाटकं) गाणारा गायक. टेक्सासमधल्या दोन गावांची नावं जोडून त्याने आपलं नाव तयार केलं होतं. म्हणजे या बाजाराचा पायाच गिरणगावात आणि न्यूयॉर्कच्या स्टुडिओत घातला गेला.

‘जसंच्या तसं ध्वनिमुद्रित केलं’ हेही खोटं. १९२७च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा ध्वनिमुद्रणं करून घेणारा निर्माता व्हिक्टरसाठी टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात उतरला. त्या दोन आठवड्यांत कार्टर फॅमिली हा कुटुंबाचा ताफा आणि गायक जिमी रॉजर्स, हे कंट्रीचे पुढचे मोठे तारे, दोघंही पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर उभे राहिले. पण पीअरचा व्यवहार नीट पाहा. त्याची कमाई गाण्यांच्या स्वामित्वहक्कातून होणार होती, त्यामुळे ज्याची मालकी नोंदवता येईल असंच गाणं त्याला हवं असायचं. सगळ्यांचं असलेलं जुनं गाणं त्याच्या दृष्टीने बिनकामाचं. नवं, किंवा नवं म्हणून खपेल इतकं बदललेलं गाणं कामाचं. म्हणूनच कार्टर फॅमिलीचा प्रमुख ए. पी. कार्टर गावोगाव गाणी गोळा करत हिंडला. काय ध्वनिमुद्रित व्हायचं, हे त्या करारातून ठरत होतं.

आणि त्या भटकंतीत कार्टरबरोबर कोण होतं? लेस्ली रिडल. किंग्जपोर्टचा कृष्णवर्णीय गिटारवादक, अपघातात एक पाय गमावलेला. कार्टर शब्द उतरवून घ्यायचा आणि रिडल चाल डोक्यात साठवायचा. घरी परतल्यावर तो ती कार्टर कुटुंबाला शिकवायचा. तबकड्यांवर कार्टरचं नाव आहे, रिडलचं नाही.

जिमी रॉजर्स मिसिसिपीचा, रेल्वेत ब्रेक सांभाळणारा कामगार. त्याची ‘ब्लू यॉडल’ मालिका ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गायनप्रकाराच्या साच्यावर उभी आहे: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी ओळ, आणि शेवटी यॉडलची लकेर (ही लकेर आपल्या कानांना किशोरकुमारमुळे ओळखीची आहे). जुलै १९३० मध्ये हॉलिवूडमध्ये त्याने या मालिकेतलं नववं गाणं गायलं तेव्हा ट्रम्पेट वाजवत होता जॅझमधला विख्यात कृष्णवर्णीय वादक लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर होती त्याची पत्नी लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. तबकडी आजही ऐकायला मिळते. रॉजर्स ताल मोडतो, लांबवतो, आणि आर्मस्ट्राँग त्याला सांभाळत पुढे नेतो. ती ऐकल्यावर ‘वाटा नव्हता’ कसं म्हणवतं?

नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम घ्या. १९२७ च्या डिसेंबरात डीफोर्ड बेलीने माउथ ऑर्गनवर धावती आगगाडी वाजवली आणि लगेच निवेदकाच्या तोंडी हे नाव पहिल्यांदा आलं. बेली कृष्णवर्णीय होता. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढलं. नंतर अनेक वर्षं त्याने त्याच शहरात बूट पॉलिशच्या धंद्यावर पोट भरलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं २००५ मध्ये, तो गेल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने.

आता सिल्वेस्टर वीव्हर. केंटकीतल्या लुइव्हिलचा हा कृष्णवर्णीय वादक. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याने ओकेसाठी ‘गिटार रॅग’ ही स्लाइड गिटारची (तारांवर कठीण वस्तू सरकवत वाजवायची) धून वाजवली आणि १९२७ मध्ये पुन्हा एकदा ती ध्वनिमुद्रित केली. १९३६ मध्ये बॉब विल्सच्या ताफ्यातल्या लिऑन मॅकॉलिफने ‘स्टील गिटार रॅग’ वाजवलं (स्टील गिटारही तारांवर पोलादी तुकडा सरकवतच वाजवतात). वेस्टर्न स्विंगची ओळख म्हणून आजही हीच तबकडी पुढे केली जाते. दोन्ही एकापाठोपाठ एक लावा. मॅकॉलिफचा सूर विजेमुळे लांब आणि गुळगुळीत झालाय, मागे सगळा ताफा ठेका देतोय, मधला भागही बदललाय. पण मुख्य धून वीव्हरची आहे. ओळखायला संगीताचं शिक्षण लागत नाही. श्रेय मॅकॉलिफच्या नावावर लागलं. वीव्हर १९६० मध्ये वारला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

मग ‘गोऱ्यांचं संगीत’ ही समजूत आली कुठून? कंपन्यांच्या कॅटलॉगमधून. ओकेने कृष्णवर्णीयांच्या तबकड्या ८०००च्या मालिकेत घातल्या आणि दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या ४५०००च्या मालिकेत. कोलंबिया या तबकडी कंपनीनेही तशीच विभागणी केली. मिसिसिपी शीक्स हा फिडल-गिटार वाजवणारा कृष्णवर्णीयांचा ताफा. त्यांचं १९३०चं ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ ओकेच्या ८०००च्या मालिकेत निघालं. तेच गाणं पुढे टेक्सासचा गोरा गायक मिल्टन ब्राउन आणि बॉब विल्स यांनी ध्वनिमुद्रित केलं आणि ते गोऱ्यांच्या खात्यात जमा झालं. भिंत दुकानदारीने घातली; वादक तर एकमेकांचं ऐकतच होते.

वीज आणि ड्रमचा मुद्दा झटपट निकालात निघतो. जानेवारी १९३५ मध्ये शिकागोत डेक्का कंपनीसाठी मिल्टन ब्राउनच्या ताफ्यातल्या बॉब डनने विजेची स्टील गिटार ध्वनिमुद्रित केली. साध्या मार्टिन गिटारच्या तारा त्याने चुंबकित केल्या होत्या आणि वर पिकअप (तारांच्या कंपनांचे विजेचे संकेत करणारं साधन) बसवला होता. कारण उघड होतं. टेक्सासच्या डान्स हॉलमध्ये नाचणाऱ्यांच्या पायांच्या आवाजापुढे साधी गिटार ऐकूच जायची नाही. विल्सच्या ताफ्यात स्मोकी डॅकस १९३५ मध्येच ड्रम वाजवत होता. आणि नॅशव्हिल? तिथल्या ऑप्रीला ड्रम नको होते. १९४४च्या अखेरीस विल्स तिथे गेला तेव्हा ड्रमवरून वाद झाला. मजकुरात गोष्ट बरोबर उलटी सांगितलीय.

शेवटी ‘एकट्या विल्सचा शोध’. फोर्ट वर्थमधल्या बरस मिल या पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसाठी ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’ हा ताफा रेडिओवर वाजायचा. त्यात विल्स फिडलवर होता आणि गायक होता मिल्टन ब्राउन. फेब्रुवारी १९३२ मध्ये डॅलसला त्यांची पहिली तबकडी झाली, ती दोघांची मिळून. त्याच वर्षी ब्राउन बाहेर पडला, स्वतःचा ताफा उभा केला आणि १९३४ मध्ये ध्वनिमुद्रणही करू लागला. विल्सच्या टेक्सास प्लेबॉइजची पहिली ध्वनिमुद्रणं सप्टेंबर १९३५ची. एप्रिल १९३६ मध्ये मोटार अपघातानंतर ब्राउन वारला, तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. विल्सला पुढे कित्येक वर्षं मिळाली, ब्राउनला मिळाली नाहीत. विल्स मोठा होताच, त्यात वाद नाही. पण ब्लूज गाणाऱ्या बेसी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं गाणं ऐकायला आपण ५० मैल घोड्यावरून गेलो होतो, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे.