टेन्शन घेऊ नकोस म्हणे!

आज परत एकीने ऐकवलं, "टेन्शन घेऊ नकोस गं, बाळावर परिणाम होतो." आता ह्यापुढे जो कोणी हे वाक्य बोलेल त्याला मी खरंच हातात असेल ते फेकून मारणार आहे.

मला काय हौस आहे का टेन्शन घ्यायची? आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूबची ट्रीटमेंट, करून दिवस राहिलेत, आधीची गर्भारपणं गेलेली आहेत, आत्ता कुठे सातवा आठवडा लागलाय. रोज रात्री नवरा कुल्ल्यावर ते तेलातलं प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भ टिकवायच्या हार्मोनचं, इंजेक्शन देतो, दोन्हीकडे अशा गाठी झाल्यात की खुर्चीत सरळ बसता येत नाही, पोटावर रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचे निळे-हिरवे डाग, आणि ह्या अवतारात मी म्हणे सकाळी उठून गर्भसंस्काराचे ऑडिओ लावायचे आणि प्रसन्न चेहऱ्याने बसायचं. मावससासूबाईंनी पाठवलेत ते. एका दिवसात सगळे.

बरं, टेन्शन येतं कुठून ते तरी बघा. बीटाचं, म्हणजे गरोदरपणाचं हार्मोन मोजायचं, रक्त सकाळी दिलं, रिपोर्ट सहाला मिळेल म्हणाले. सहा वाजता ॲपवर "प्रोसेसिंग". सात वाजता "प्रोसेसिंग". मग मेसेज आला की रिपोर्ट तयार आहे, लिंक उघडली तर ओटीपी मागते आणि ओटीपी काही येत नाही, कस्टमर केअरवाला म्हणतो मॅडम सर्व्हर डाऊन आहे. अरे दादा, तुझा सर्व्हर डाऊन आणि इथे माझं बीपी वर! शेवटी आकडा मिळाला तर शेजारी नॉर्मल रेंज एवढी पसरलेली की चांगला म्हणायचा का वाईट काही कळेना. कारण एका आकड्यावरून नीट काही कळत नाही, ४८ तासांनी परत रक्त द्यायचं आणि किती वाढला ते बघायचं. म्हणजे अजून दोन दिवस छतावरचा पंखा मोजत पडा. क्लिनिकला फोन लावला तर "डॉक्टर ओटीत आहेत मॅडम". कायम त्या ऑपरेशन थिएटरमध्ये. मी जेव्हा जेव्हा फोन करते तेव्हा ओटीत.

आणि ह्या सगळ्यात जाऊबाईंचा प्रश्न, उलट्या होतात का? नाही होत. "अय्या, मला तर पाणीसुद्धा टिकत नव्हतं!" झालं, माझी रात्र गेली. छाती दुखते, पोट फुगतं, पण ते बाळामुळे का प्रोजेस्टेरॉनमुळे कोण सांगणार, कारण त्या औषधाने हुबेहूब हेच होतं. दुखलं तरी खात्री नाही आणि एखाद्या सकाळी कमी दुखलं की हातपाय गार. ऑफिसच्या वॉशरूममध्ये तो मेला पिवळा दिवा आहे, त्यात रंग नीट कळत नाही, म्हणून मी दरवेळी मोबाईलचा टॉर्च लावून टिश्यूवर रक्ताचा डाग आहे का ते बघते. गुलाबी आहे? तपकिरी आहे? का नुसतं खालून ठेवायचं औषध बाहेर आलंय? परवा बाहेरून कोणीतरी दार वाजवत होतं, "मॅडम किती वेळ?" काय सांगू?

लोकलचं तर बोलूच नका. पोट दिसत नाही, सांगायचं नाही, मग सीट कोण देणार. लेडीजमध्ये आपली "कुठे उतरणार?" करत फिरायचं, बाई म्हणते घाटकोपर, तेवढ्यात मागची म्हणते तिची सीट मी आधीच सांगून ठेवलीय. मग चौथ्या सीटवर अर्धं टेकायचं, आणि अर्धं म्हणजे नेमकी गाठ असलेली बाजू. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात नोकरी सोड आणि पाय वर करून झोप. डॉक्टर स्वतः सांगतात की ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ पिशवीत सोडल्यावर, नुसतं पडून राहून गर्भ जास्त टिकतो असं काही नाही, पण डॉक्टरांना काय कळतंय!

सोनोग्राफीचा राग मात्र सगळ्यात जास्त. हॉलमध्ये एका बाजूला आठवा-नववा महिना, दुसऱ्या बाजूला मी, आणि हातात तो फॉर्म, की मला मुलगा का मुलगी ते जाणून घ्यायचं नाही. कायदा योग्यच आहे, सही करते, पण अहो मला फक्त ठोके आहेत का ते सांगा! आत गेल्यावर डॉक्टर एक शब्द बोलत नाहीत. स्क्रीन त्यांच्याकडे. असिस्टंटला हळू आवाजात आकडे सांगतात. मागच्या वेळी अशाच शांततेनंतर "जरा मिस्टरांना आत बोलवा" आलं होतं. "एक मिनिट थांबा, बघतोय" एवढं तरी बोलायला काय जातं? ह्या वेळी ठोके दिसले. पण त्याआधीचा तो वेळ माझ्या अंगावरून अजून उतरलेला नाहीये.

आणि "परिणाम होतो" म्हणणाऱ्यांनो, पहिल्या तीन महिन्यांत जी जातात त्यातली निम्म्याच्या आसपास क्रोमोसोमच्या, म्हणजे गुणसूत्रांच्या, गडबडीने जातात. माझ्या रडण्याने नाही, पपईने नाही, ग्रहणात सुरी धरली म्हणून तर नाहीच नाही. तुम्ही सहज बोलून जाता आणि त्याचा अर्थ एवढाच निघतो की आधीची मीच घालवली.

वर लपवाछपवी. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते, आणि आयव्हीएफ तर मेलं तरी सांगायचं नाही, फोनवर सासूबाई आवाज खाली करून "ट्रीटमेंट" म्हणतात. अहो, ह्याच मुंबईत परळला के.ई.एम.मध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली, ती मुलगी आता स्वतः आई आहे, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुजबुज! न सांगण्याचा फायदा कुणाला झाला? मागच्या वेळी ऑफिसात एचआर म्हणाली सिक लीव्ह टाका. गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे हे मला नंतर एका मैत्रिणीकडून कळलं.

पुढच्या आठवड्यात परत स्कॅन आहे. त्या दिवशी माझा फोन बंद असेल. ज्यांना फारच काळजी आहे त्यांनी नवऱ्याला विचारावं, आणि तो "कळवतो" म्हणाला की परत परत विचारू नये. ऑडिओ पाठवू नयेत. मदतच करायची असेल तर डबा पाठवा, भाकरी आणि मेथीची भाजी चालेल, दारात ठेवा आणि जा.